साक्षीचा तुकडा

सरसाचा जोड किती पक्का आहे हे कळायचं असेल, तर तो तोडावा लागतो; आणि तोडल्यावर तो जोड उरत नाही. लाकडी विमानं बांधणाऱ्यांनी या पेचातून फार पूर्वी एक वाट काढून ठेवली होती. सरसाचं मिश्रण वापरून झालं की वाटीच्या तळाशी उरलेल्या सरसाने त्याच लाकडाचे दोन टीचभर तुकडे एकमेकांना चिकटवायचे, त्यांच्यावर मिश्रणाचा क्रमांक घालायचा आणि ते खऱ्या जोडाच्या शेजारी, त्याच हवेत, तेवढ्याच दाबाखाली ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये आवळून मोगरीच्या एका घावात फोडायचे. लाकूड फाटलं, तंतू उपटून आले, तर सरस खरा. दोन्ही तुकडे वहीच्या पानांसारखे स्वच्छ अलग झाले, तर सरस खोटा. मग त्या दिवसाचं सगळं काम उखडून पुन्हा. फुटलेला तुकडा फेकायचा नसे. हँगरमधले लोक त्याला साक्षीचा तुकडा म्हणत. जोड आतल्या अंधारात कायमचा बंद होऊन जातो; बाहेर त्याच्या वतीने बोलायला हा एवढा एक तुटका जीव राहतो.

वाइरारापाच्या मैदानातल्या त्या हँगरमध्ये असे चारशे अठ्ठावीस तुकडे होते. आठ वर्षांचं काम उत्तरेकडच्या भिंतीवर फळ्या मारून ओळीने मांडलेलं होतं. तीनशे अकरा क्रमांकाचा तुकडा चौथ्या फळीवर, डावीकडून सहावा. ॲल्विन केर्सलीला त्याची जागा शोधावी लागत नसे. तो दुसरीकडे बघत असला तरी ती त्याच्या मानेला जाणवायची.

तुकडा तसा देखणा होता. स्प्रूसच्या पांढऱ्या लाकडाचे लांब तंतू त्याच्या तोंडाशी असे उभे राहिले होते, जसं वाऱ्याने गवत उलटं विंचरावं. त्याच्यात खोट एवढीच होती, की तो तीनशे अकराचा नव्हता.

ॲल्विन त्र्याहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने नावा बांधल्या होत्या, आणि नावा बांधायचं थांबल्यावर तो या विमानापाशी आला होता. दुसऱ्या महायुद्धातलं, दोन इंजिनांचं, जवळजवळ सगळंच लाकडाचं मॉस्किटो. युद्ध संपल्यावर एका शेतकऱ्याने ते कवडीमोलाने घेतलं, ट्रॅक्टरसाठी त्याची चाकं काढून घेतली आणि उरलेल्या सांगाड्यात चाळीस वर्षं कोंबड्यांनी अंडी घातली. ते हँगरमध्ये आलं तेव्हा धातूचे भाग तेवढे शाबूत होते. लाकूड बोटाने चिमटीत घेतलं तर ओल्या पावासारखं कुस्करायचं. त्या कुजक्या लाकडावरून मापं घेत, साचे करत, त्यांनी ते फळी फळीने नवं केलं. आता मार्चमधल्या शनिवारी, पंच्याहत्तर वर्षांनी, ते उडणार होतं.

हँगरचा प्रमुख इहाका तुरोआ पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता. ॲल्विनला तो ‘मातुआ’ म्हणायचा. त्याच्या माओरी घरात वडीलधाऱ्यांना हाक मारायची ती रीत. त्यात मान असायचा आणि चेष्टाही.

“मातुआ, तुझ्या त्या रंध्याला जरा विश्रांती दे,” तो त्या आठवड्यात रोज म्हणे. “आता अजून पातळ केलंस तर आरपार दिसेल.”

“तुझ्या आरपार दिसेल असा रंधा अजून निघायचाय,” ॲल्विन म्हणायचा. सवयीने म्हणायचा. जीभ तिची नोकरी करत होती.

पहिल्या उड्डाणात इहाका उजवीकडच्या खुर्चीत बसून काटे बघणार होता. ते ठरलं तेव्हापासून ॲल्विनला त्याचा आवाज फार मोठा वाटू लागला होता.

मंगळवारी सरकारी निरीक्षक येऊन गेला. त्याने नोंदवही पालथी घातली, मग फळ्यांसमोर उभं राहून मनाला येतील तसे अकरा तुकडे उचलले, भिंगाखाली धरले, वहीशी ताडून पाहिले. दोनशे सत्त्याण्णव घेतला. तीनशे चार घेतला. त्याचा हात चौथ्या फळीवर थांबला, बोटं हवेत जराशी चाळवली आणि तीनशे बारा उचलून बाजूला झाली. ॲल्विनच्या छातीतून जो सुस्कारा सुटला त्याची त्यालाच किळस आली. पकडलं जाण्याची भीती त्याला ओळखीची होती. पण सुटल्याचा आनंद आपल्याला इतका मनापासून व्हावा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बुधवारी फ्रान डेकोम आली. विमान तीच उडवणार होती. काटक, पांढऱ्या आखूड केसांची, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी बाई. जुनं विमान हवेत न्यायच्या आधी ते ज्यांनी बांधलं त्या प्रत्येकाला ती एकटं गाठून एकच प्रश्न विचारायची. चेष्टा चालायची त्यावरून. लोक त्याला फ्रानचं पापनिवेदन म्हणायचे. पण तिने तो कधी सोडला नव्हता.

ॲल्विन कर्मचाऱ्यांच्या खोलीमागच्या नळावर ब्रश धूत होता. ती शेजारी येऊन उभी राहिली.

“तुला आणखी एक आठवडा दिला,” ती म्हणाली, “तर यातलं काय पुन्हा करशील?”

पाणी ब्रशमधून आधी पिवळट, मग निर्मळ वाहिलं. चाकाचा पाय पंखाच्या मागच्या तुळईला जिथे भिडतो तिथे, प्लायवूडच्या आत, अक्रोडाचा एक ठोकळा होता, तीनशे अकराच्या सरसाने जोडलेला. विमान जमिनीवर टेकतं तेव्हा त्या बाजूचं सगळं ओझं क्षणभर त्याच्यावर येतं.

“काही नाही,” ॲल्विन म्हणाला.

“नशीबवान आहेस,” फ्रान म्हणाली. “इहाकाने मला सतरा गोष्टी सांगितल्या.” आणि त्याच्या ओल्या हातांकडे एकदा बघून ती निघून गेली.

*

तो दिवस त्याला वारंवार आठवावा लागत नसे. तो संपलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली, तिकडच्या ऐन हिवाळ्यातली सकाळ. गवतावर दहिवर गोठलेलं. हँगरमध्ये तो एकटा. इहाका लाकूड आणायला गेला होता. नोएलीन, त्याची बायको, आठ दिवस मास्टर्टनच्या इस्पितळात होती. मुलगी ब्रॉन्विन वेलिंग्टनहून येऊन तिच्यापाशी बसली होती आणि तिनेच आदल्या संध्याकाळी त्याला घरी पाठवलं होतं. सकाळी घरात बसवेना, म्हणून तो हँगरवर आला. घरात नोएलीनची खुर्ची होती. इथे फक्त ठोकळा होता.

नऊ पन्नासला त्याने सरस मिसळला. मिसळल्यापासून चाळीस मिनिटांत जोड दाबाखाली गेला पाहिजे. पुढे सरस घट्ट होत जातो आणि मग तो कशालाही धरत नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी ऑफिसातला फोन वाजला.

“डॅड, ये,” ब्रॉन्विन म्हणाली. “लगेच ये. श्वास बदललाय.”

“निघालो,” तो म्हणाला.

फोन ठेवून तो ऑफिसच्या दारात आला. दारातून ठोकळा दिसत होता, ताजा रंधलेला, काळसर तपकिरी, आणि शेजारी भरलेली वाटी. पुढचं त्याला धडपणे आठवत नसे. निर्णय घेतल्याचंही आठवत नसे. एवढंच, की इस्पितळाची वाट पंचवीस मिनिटांची होती, आणि सगळे क्लॅम्प आवळून त्याने मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. हाताने सवयीने वहीत वेळ लिहिली. वाटी पिंपात पडली. साक्षीचा तुकडा करायचं त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

तो अकराला पोहोचला. नोएलीन दहा चाळीसला गेली होती.

मधली दहा मिनिटं त्याने पुढे अनेकदा मोजली. फोन ठेवताच निघता तर साडेदहाला पोहोचता. दहा मिनिटं. दहा मिनिटांत माणूस काय बोलतो? कदाचित काहीच नाही. कदाचित नोएलीनने डोळेही उघडले नसते. पण रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची यांतला फरक मिटलेल्या डोळ्यांनाही कळत असेल, या विचाराशी तो दर वेळी अडायचा.

इस्पितळाच्या दारात ब्रॉन्विन उभी होती. “कुठे होतास?” असं ती म्हणालीच नाही. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याला उत्तर द्यायला त्याच्या तोंडून एक गोष्ट निघाली, इतकी सहज, की जणू ती वाटेत कुणीतरी त्याच्या खिशात घातली होती.

“मेंढ्या होत्या रस्त्यावर,” तो म्हणाला. “पूल ओलांडल्यावर. भलामोठा कळप. हलतच नव्हत्या.”

नोएलीन मेंढपाळाच्या घरची. ब्रॉन्विनचे डोळे भरले आणि ती रडतारडता हसली. अंत्यविधीला तिने हेच सांगितलं. आईचं अर्धं आयुष्य मेंढ्यांनी खाल्लं आणि शेवटी डॅडलाही त्यांनीच अडवून धरलं; आई वरून बघत असेल तर कळपाला शिव्या देत असेल. सगळं चर्च हसलं, रडलं. त्या दिवसापासून मेंढ्या घरात कायमच्या राहायला आल्या. नातवंडांनी मेंढीचं चित्र काढून त्याला पाठवलं. ते फ्रिजवर होतं.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, आणि फळीवर तीनशे अकराची जागा रिकामी दिसली. ऑफिसात जाऊन इहाकाला सांगणं, एवढंच करायचं होतं. पण तुकडा का केला नाहीस, असं तो विचारणार. मग वहीतली वेळ दिसणार. मग ती वेळ बोलू लागणार. ॲल्विनने चमचाभर ताजा सरस मिसळला, दोन तुकडे चिकटवले, त्यावर ३११ लिहिलं. दुसऱ्या दिवशी इहाकासमोर फोडला.

“बघा रे,” इहाका सगळ्यांना म्हणाला होता, आणि त्याचा मोठा आवाज त्या दिवशी ओला होता. “एवढं कोसळलं अंगावर, पण मातुआच्या हाताने साथ सोडली नाही.”

*

शुक्रवारी ब्रॉन्विन वेलिंग्टनहून डोंगर ओलांडून उड्डाण बघायला आली. बरोबर चीज घातलेल्या स्कोनचा डबा होता. नोएलीन दर शुक्रवारी हँगरवर तसाच डबा पाठवायची. विमानाला ती ‘ॲल्विनची दुसरी’ म्हणायची. “तिला जेवायला घालायचं तर नीट घालू,” असं म्हणून स्कोन भाजायची.

दहाच्या चहाला ते तिघे लांब बाकापाशी बसले. बाकीचे बाहेर इंजिनाची झाकणं बसवत होते. वायव्येचा वारा पत्र्यावर आपटत होता. ब्रॉन्विन फळ्यांकडे बघत होती.

“हे सगळे तुकडे कसले?”

इहाकाने सांगितलं. सांगताना तो एकेक तुकडा उचलून तिच्या हातात देत होता, घरातल्या लेकरांची ओळख करून द्यावी तसा.

“यातले शंभराहून जास्त तुझ्या बापाचे. एकही फसलेला नाही. माझे नऊ फसलेत, पण ते सांगू नकोस कुणाला, मी इथला साहेब आहे.” तो चौथ्या फळीपाशी थांबला. “आणि हा बघ. हा तुझी आई गेली त्या दिवसाचा. त्या दिवशीही म्हाताऱ्याने जोड पुरा केला, तुकडा केला आणि मग...”

“नाही रे,” ब्रॉन्विन हसून म्हणाली. “दुसरा कुठला तरी असेल. त्या दिवशी तो सगळं टाकून धावत सुटला होता. मीच फोन केलेला. आई नेहमी म्हणायची, या विमानापुढे माझा नंबर दुसरा. पण वेळ आली तेव्हा त्याने विमान टाकलं. मी अजून सांगते लोकांना.”

“टाकलं? जोड तर पुरा आहे. वहीत वेळ आहे.” इहाकाने वहीकडे हात नेला. “फोन किती वाजता केलास तू?”

“दहा पाचला. मला पाठ आहे ते.”

दोन वर्षं त्या दिवसाचे दोन अर्धे दोन माणसांपाशी वेगवेगळे पडून होते. आज प्रथमच ते एका बाकावर आले होते. इहाका पानं उलटत होता. ॲल्विनच्या तोंडात उत्तर तयार झालं. जोड अंत्यविधीनंतर पुरा केला, तारीख चुकून जुनी पडली, डोकं ठिकाणावर नव्हतं. उत्तर चांगलं होतं. ते मेंढ्यांसारखंच आलं होतं, न बोलावता, लोकरीसारखं मऊ. समोर उजव्या खुर्चीत उद्या बसणारा माणूस पान शोधत होता.

“मेंढ्या नव्हत्या,” ॲल्विन म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

“रस्त्यावर मेंढ्या नव्हत्या, ब्रॉनी. रस्ता मोकळा होता. तुझा फोन आला तेव्हा सरस मिसळून झाला होता. मी ‘निघालो’ म्हटलं आणि परत येऊन क्लॅम्प लावले. साडेदहापर्यंत. मग निघालो.” त्याने श्वास घेतला. “आणि इहाका, तो तुकडा त्या सरसाचा नाही. नंतर केलाय मी. त्या जोडाला साक्ष नाही.”

पत्र्यावर वारा आपटला. ब्रॉन्विनने हातातला तुकडा बाकावर ठेवला, फार हळू, काचेचा असल्यासारखा.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. तिलाही तो हिशोब लगेच जमला होता. “तू दहा मिनिटं आधी आला असतास.”

“हो.”

“मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं ते. सगळ्यांसमोर. आणि तू पहिल्या बाकावर बसून ऐकत होतास.”

“हो.”

ती उठली. डबा तिथेच राहिला. गाडी सुरू होऊन खडीवरून निघून गेल्याचा आवाज त्यांनी दोघांनी बसल्याजागी ऐकला.

इहाकाने वही मिटली होती. त्याचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे ॲल्विनला ठाऊक नव्हतं.

“असे आणखी किती?”

“एवढा एकच.”

“हे मी कशावरून मानू?”

 इहाका उत्तरासाठी थांबला नाही. तो फोनपाशी गेला आणि फ्रानला सांगितलं, की उद्याचं उड्डाण होणार नाही. तिकडून ती काय म्हणाली ते ऐकून त्याने फोन ॲल्विनपुढे धरला.

“मी विचारलं होतं तुला,” फ्रान म्हणाली. तेवढंच. आणि फोन ठेवला.

*

पंखाच्या खालच्या बाजूचं दोन हात प्लायवूड कापायला सोमवारचा सगळा दिवस गेला. ते प्लायवूड आणि त्यावरचं कापड, रंग, सगळं ॲल्विनने स्वतः लावलेलं होतं. इहाका त्याला पटाशी देईना, आणि दूरही जाऊ देईना.

“इथे उभा राहा,” तो म्हणाला. “दिवा धर.”

ॲल्विनने दिवा धरला. आतून लाकडाचा बंद, गोडसर वास आला, आणि त्या वासात ती सकाळ जशीच्या तशी होती. उघड्या भोकात अक्रोडाचा ठोकळा तुळईला चिकटून बसला होता, कडेने सरसाची बारीक, सारखी रेघ. इहाकाने आधी नाण्याने ठोकून बघितलं. आवाज भरीव आला. पण नाणं पोकळी सांगतं. पकड सांगत नाही.

ॲल्विन वाट बघत होता. गेल्या तीन रात्रींत त्याच्या मनात एक गोष्ट हळूहळू उजेडात आली होती, आणि ती त्याला कुणालाच सांगता आली नसती. जोड खोटा निघावा असं त्याला वाटत होतं. सरस एकाच अंगाला लागलेला असावा, क्लॅम्प तिरपे असावेत, मधे कुठेतरी एक मोठा कोरडा डाग असावा. कारण मग त्या पंचवीस मिनिटांत त्याचे हात थरथरत होते असं सिद्ध झालं असतं. तो इथे उभा होता, पण मनाने तिथे होता, असं तो ब्रॉन्विनला सांगू शकला असता. जोडाने त्याच्या बाजूने तेवढी साक्ष द्यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

इहाकाने पटाशीचं टोक रेघेवर टेकवलं आणि मोगरी मारली. मग पुन्हा. तिसऱ्या घावाला ठोकळा कर्रकन सुटला. त्याने तो दिव्याखाली उलटा केला.

एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तुळईच्या स्प्रूसचे पांढरे तंतू अक्रोडाच्या अंगाला धरून राहिले होते. कोरडा डाग कुठेच नव्हता, नखाएवढाही नव्हता. इहाकाने त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

“असा जोड मी आयुष्यात दोन-चार वेळाच बघितलाय,” तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि खूप मागून, अजून न पोहोचलेली, माया. “मातुआ, तोडायची गरजच नव्हती रे.”

 दिव्याचा उजेड ॲल्विनच्या हातात स्थिर होता. त्या दिवशीही हे हात असेच स्थिर असणार. बायको शेवटचे श्वास मोजत असताना हे हात एका ठोकळ्याच्या चारही कडा सारख्या दाबत होते, पुसत होते, पुन्हा दाबत होते, आणि त्यांना दुसरं काही आठवत नव्हतं. ते इथे होते. सगळेच्या सगळे इथे होते.

इहाकाने पेन्सिल काढली आणि ठोकळ्याच्या फाटक्या अंगावर ३११ लिहिलं. जुना तुकडा फळीवरून उतरवून त्याने ॲल्विनच्या हातात दिला. ॲल्विनने तो शेकोटीच्या टोपलीत टाकला. त्याच आठवड्यात इहाकाने त्याचे आणखी दोन जोड उघडले. दोन्ही खरे निघाले. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. पण तिसरा जोड इहाकाने उघडला नाही.

तुळईचं फाटलेलं तोंड रंधून, त्यावर नवं लाकूड चढवून घ्यायला तीन आठवडे गेले. नवा ठोकळा इहाकाने ॲल्विनलाच करायला सांगितला. “तुझं आहे, तूच निस्तर,” एवढंच म्हणाला, आणि पहिल्यासारखा मोठ्याने म्हणाला. एप्रिलमधल्या एका सकाळी ठोकळा तयार झाला. ॲल्विनने दोन टीचभर तुकडे आधीच काढून, क्रमांक घालून, बाकाच्या कडेला ठेवले. सव्वानऊला सरस मिसळला. ब्रश भिजवला.

ऑफिसातला फोन वाजला. इहाकाने उचलला, ऐकला, आणि दारातून हाक मारली, “ब्रॉन्विन आहे. नंतर कर म्हणून सांगू? सरस झालाय ना तुझा?”

“नको,” ॲल्विन म्हणाला. ब्रश वाटीतच ठेवून तो गेला.

तीन आठवड्यांत ती प्रथमच बोलत होती. आधी हवेचं बोलली, मुलांच्या शाळेचं बोलली. मग थांबली.

“तो जोड,” ती म्हणाली. “कसा निघाला?”

त्याला समजलं ती काय विचारते आहे. तिलाही तेच हवं होतं, जे त्याला दिवा धरून उभं असताना हवं होतं. एक कोरडा डाग. तो तिला देणं फार सोपं होतं. इहाका कधी बोलला नसता.

“चांगला होता,” तो म्हणाला. “अगदी नीट होता, ब्रॉनी. कुठेच चुकलो नव्हतो.”

 तिने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. दारातून त्याला बाक दिसत होता, बाकावरची वाटी, वाटीत उभा ब्रश. भिंतीवरचं घड्याळ नऊ चाळीसकडे सरकलं.

“तू त्या वेळी तिचा विचार करत होतास का?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “तेव्हा नाही.”

ती रडू लागली. रडताना तिने पुष्कळ काही विचारलं, पुष्कळ काही सुनावलं. काही आईबद्दल, काही फार जुनं, तिच्या लहानपणीचं, नावांच्या कारखान्यातून तो रात्र पडल्यावर घरी यायचा त्याबद्दल. तो ऐकत राहिला. विचारेल त्याचं उत्तर देत राहिला. एकदा इहाका दाराशी आला, घड्याळाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या; ॲल्विनने मान हलवली. दहाला पाच मिनिटं असताना वाटीतला ब्रश एकीकडे कलला होता, तसाच कलून थिजला.

ती दहा वाजून वीस मिनिटांनी थांबली. पुन्हा फोन करेन, असं ती म्हणाली नाही. “फ्रिजवरचं ते मेंढीचं चित्र काढून टाक,” म्हणाली. मग जरा वेळाने, “नाहीतर राहू दे. मुलांना काय सांगायचं ते मी बघते.”

ॲल्विन बाकापाशी आला तेव्हा इहाका वाटी उलटी करून टेबलावर ठोकत होता. आतला सरस काचेसारखा झाला होता. ब्रश त्यात कललेला तसाच अडकला होता.

“गेला,” इहाका म्हणाला. “वाटी गेली, ब्रशही गेला. चांगला ब्रश होता, मातुआ. माझा होता.”

“दुसरा देईन.”

“देशील कुठला. पाच वर्षांपूर्वी पटाशी नेलीस ती अजून यायची आहे.”

ॲल्विनने वही ओढली. क्रमांक चारशे एकोणतीस, मिसळले नऊ पंधरा. वेळेच्या पुढच्या रकान्यापाशी त्याची पेन्सिल थोडी थांबली. मग त्याने तिथे लिहिलं: वापरले नाही. आणि नवी वाटी घेतली.